लिफ्टवाले काका आणि पहिला दरवाजा

माझ्या दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक एकच प्रश्न घेऊन येतं: कुठून सुरू करू? पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. पाचव्यापासून. एवढं म्हणून मी फळीवरचा पाचवा भाग काढायचे आणि पुढच्याला "बोला" म्हणायचे. आता मी आधी विचारते, कोणाबरोबर खेळणार आहात? लोकांना वाटतं बाई भोचक आहे. वाटू दे. भोचक मी आधीपासूनच आहे.

दुकान म्हणजे एका सहा मजली इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारची खोली. वापरलेल्या व्हिडिओ गेमच्या डिस्क घ्यायच्या, पुसायच्या, चालवून बघायच्या, विकायच्या. जुनी मशीनंही. संपलेला भाग परत आणा आणि पुढचा घेऊन जा, अशीही आमच्याकडे पद्धत आहे. दुकान खरं माझ्या भावाचं. तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. "दोन वर्षं सांभाळ," म्हणाला होता. एकोणीस झाली.

सगळ्यात जास्त विचारणा असते ती एका मालिकेची. तिचं नाव लांबलचक आहे, पण प्रत्येक भागाच्या खोक्यावर एक बंद दरवाजा छापलेला असल्यामुळे आमच्याकडे सगळे तिला 'दरवाजेवाली' म्हणतात. वीस-बावीस वर्षांत तिचे सात भाग आले. खेळ कसा, तर एक माणूस घ्यायचा, त्याच्या हातात तलवार नाहीतर काठी द्यायची, राक्षस मारत मारत त्याला तयार करायचं, वाटेतल्या लोकांशी बोलायचं आणि शेवटचा दरवाजा बंद करेपर्यंत गोष्ट पुढे न्यायची. वाटेत विहिरी लागतात. विहिरीपाशी थांबलात तरच तिथपर्यंतचं खेळणं जतन होतं, नाहीतर मेलात की पुन्हा मागे. पहिल्या दोन भागांतला माणूस लाकडी बाहुलीसारखा चालतो, एकेक पाऊल, एकेक चौकोनी खोली. तिसऱ्यापासून पडदा चहूबाजूंनी फिरायला लागतो आणि इतका गरगरतो की चौथ्यापर्यंत लोक वैतागून सोडून देतात. पाचव्यात बनवणाऱ्यांनी गोष्टच नव्याने सुरू केली. सातव्यात दोन माणसांना दोन गावांतून एकत्र खेळता येतं. पहिले चार भाग नाही खेळले तरी कोणाचं काही म्हणजे काही अडत नाही. हे मला पक्कं माहीत होतं, आणि हे मी आत्ताच सांगून ठेवते.

लिफ्टवाले काका मला दुकानात बसायला लागल्यापासून माहीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते जमिनीतून वर येत होते. लिफ्टचं दार उघडं, आत केबिन नाही, आणि खालच्या खड्ड्यातून एक टक्कल, कानावर पेन्सिल, खांद्यावर फडकं असा माणूस बाहेर आला. मी किंचाळले. ते म्हणाले, "घाबरू नका, मालकीणबाई. अजून वर जायचंय मला." तेव्हापासून मी मालकीणबाई झाले.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. दुसरे मेकॅनिक आले की थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचे, काय ते खुडबुड करायचे आणि अर्ध्या तासात चहा मागायचे. काका आधी खड्ड्यात उतरायचे. पाणी आहे का, स्प्रिंग गंजली का, दोराखाली काही पडलंय का, सगळं बघायचे. मग एकेक मजला वर. मी एकदा म्हटलं, "काका, बिघाड वर आहे हे शेंबडं पोरही सांगेल. खाली कशाला जाता?"

"बिघाड कुठेही असू दे," ते म्हणाले, "सुरुवात खाली असते."

हट्टी माणूस. कुठलंही दार उघडलं की आधी खाली बघणार आणि मगच पाऊल टाकणार, अगदी माझ्या दुकानाचंसुद्धा. डाव्या हाताची करंगळी अर्धी. तरुणपणी वर उभ्या असलेल्या सोबत्याने मेन स्विच न बघताच "मेन बंद आहे" म्हणून ओरडून सांगितलं होतं. त्या माणसाविषयी काका कधी वाईट बोलले नाहीत, पण त्याच्याबरोबर पुन्हा कधी काम केलं नाही.

बायको बडबडी, मुलगी एकच. मुलगी लहान असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर यायची आणि बॅटरी धरून उभी राहायची, म्हणून तिचं नावच 'बॅटरी' पडलं. केबिन मजल्याच्या बरोबरीला आणायची असली की काका वर मशीनपाशी चाक हाताने फिरवायचे आणि ही खाली दाराशी उभी राहून ओरडायची, "दोन बोटं वर! थांबा! अर्धं बोट खाली!" काका सांगायचे, माझ्या पोरीच्या नजरेने लावलेल्या मजल्याला कोणी कधी ठेचकाळलं नाही. हे त्यांनी मला किमान चाळीस वेळा सांगितलं असेल.

बॅटरी मोठी झाली, एका दिवसाच्या प्रवासावरच्या शहरात नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागली, तिथेच एकटी राहिली. मग काका निवृत्त झाले, आणि दोन वर्षांनी काकू गेल्या. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की मुलीशी बोलायचं काम इतकी वर्षं काकूच करत होत्या. फोन त्यांच्या हातात. काका शेवटी "बरी आहेस ना?" म्हणायचे, की झालं. आता रविवारी सकाळी फोन वाजायचा आणि बापलेक एकमेकांना जेवणखाण विचारून गप्प बसायचे. "मग?" "मग काय." "ठेवू?" "ठेव." काका मला हे सांगायचे आणि वर हसायचे, पण ते हसू बघवायचं नाही.

एका सोमवारी ते दुकानात आले. खाली बघून आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, "मालकीणबाई, ते दरवाजेवालं काय असतं? काल बॅटरीला विचारलं, काय करतेस, तर म्हणाली तो गेम खेळतेय, सातवा. दोघांना खेळता येतो म्हणे. म्हणाली, 'या की बाबा तुम्ही.' तिने आजवर मला कशाला बोलावलं नव्हतं. तर कुठून सुरू करू?"

आता ऐका मी काय केलं ते. खरं उत्तर ओठांवर होतं: सातवाच घ्या, ती शिकवेल. पण माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर पहिल्या चार भागांची खोकी आणि त्यांचं जुनं मशीन किती वर्षांपासून धूळ खात पडलं होतं. समोर एक असा माणूस, ज्याला खालून सुरुवात करायची खोडच. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "काका, पहिल्यापासून. पहिला नाही खेळलात तर सातव्यात कोण कोणाचं काय ते काहीच कळणार नाही. मुलगी बोलत राहील आणि तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत बसाल."

काकांचा चेहरा उजळला. "हेच म्हणतो मी! पोरगी म्हणत होती थेट सातव्यात या. असं कसं?"

मी स्टुलावर चढले, मशीन उतरवलं, धूळ झटकली. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते, हेही सांगायला हवं.

अडुसष्ट वर्षांच्या माणसाने तो खेळ कसा खेळला, ते बघण्यासारखं होतं. चौकटीची वही घेतली. प्रत्येक खोलीचा नकाशा, दारापासून भिंतीपर्यंत किती पावलं, कुठल्या कोपऱ्यात कोण दबा धरून बसलंय, तो अंगावर येण्याआधी कसा आवाज करतो, विहीर किती पावलांवर. दर पंधरा दिवसांनी दुकानात येऊन मला वही दाखवायचे. "हा बघा, तिसऱ्या तळघरातला. आधी घसा खाकरतो, मग मारतो. सभ्य आहे." मी पोट धरून हसायचे. नमनालाच घडाभर तेल! पहिल्या भागाला चार महिने, दुसऱ्याला तीन. रविवारच्या फोनवर आता विषय होता. "कुठवर आलात?" "दुसऱ्या विहिरीवर." "बाबा, सोडा ते, सातव्यात या ना." "येतोय. तू दाराशी थांब. खालून वर येतोय." ती हसायची, आणि मग थोडा वेळ काहीच बोलायची नाही, असं काका सांगायचे. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांना लागला नाही. मला लागायचं कारणच नव्हतं.

अकराव्या महिन्यात काका तिसरा परत करून चौथा घेऊन गेले. त्याच आठवड्यात दुकानातला फोन वाजला. बाईचा आवाज.

"ताई, लिफ्टवाल्यांची मुलगी बोलतेय मी. बाबांना पहिल्यापासून खेळायला तुम्ही सांगितलंत का?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "त्यांनाच हवा होता."

"हो, ते तसेच आहेत," ती म्हणाली. "पण त्यांना आता सातवा द्या ना. काहीही कारण सांगा. माझे डोळे जातायत, ताई. कडेचं आधी जातं, मग मधलं. आत्ता मला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. डॉक्टर म्हणतात वर्षभर तरी राहील, पण दर महिन्याला नळी बारीक होतेय."

मी विचारलं, "बाबांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं तर ते खेळतील का? डॉक्टर शोधत फिरतील, नाहीतर इथे येऊन माझ्यासमोर रडत बसतील. मला त्यांच्याबरोबर एकदा नुसतं खेळायचंय. त्यांनी मला ओरडावं, मी त्यांना हसावं, एवढंच. तुम्ही सांगणार नाही ना त्यांना?"

मी शब्द दिला. अकरा महिन्यांपूर्वी खोटं बोलायला मला एक क्षण लागला नव्हता. आता ते निस्तरायला घेतलं तर माझेच शब्द माझ्या आडवे आले. काका आले की मी म्हणायचे, "काका, चौथा सोडा. रटाळ आहे. सगळेच सोडतात." ते म्हणायचे, "तुम्हीच म्हणाला होतात ना, मधलं सोडलं तर काही कळणार नाही?" मी म्हणायचे, "अहो, चौथ्याचं सातव्याशी काही नातं नाही." ते डोळा बारीक करून म्हणायचे, "माझी परीक्षा घेताय होय?" पालथ्या घड्यावर पाणी. एकदा म्हटलं, चौथ्याची डिस्क खराब निघालीय, परत करा. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मऊ फडक्याने चकाचक पुसून आणली आणि माझ्याच मशीनवर चालवून दाखवली.

एक वाक्य बोलायचं होतं: मी धूळ खाणारा माल खपवायला तुमच्याशी खोटं बोलले. ते माझ्या तोंडून निघेना. एवढीशी लाज मी गोंजारत बसले आणि तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत बारा रविवार होते. ते माझ्या नावावर आहेत.

मग तिचा दुसऱ्यांदा फोन आला. म्हणाली, कचेरीतलं काम सोडलं, रेषा दिसत नाहीत. आणि विचारलं, "बाबा कितव्यावर आहेत?"

"चौथ्यावरच," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.

नुसतं बरं. ओरडली असती तर परवडलं असतं.

त्या दुपारी काका आले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि त्यांना स्टुलावर बसवलं. आधी धुळीचं सांगितलं. ते हसले. "एवढंच? अहो, तुम्ही सातवा पुढे केला असता तरी मी पहिलाच मागितला असता. माझा स्वभाव तुम्हाला माहीत नाही का?" तेवढ्यावर थांबले असते तर मी सुटले असते. काकांनी मला माफ करून टाकलं होतं आणि वही उघडून चौथ्यातली कुठलीशी अडचण विचारायला सुरुवातही केली होती. मी वहीवर हात ठेवला.

"काका, बॅटरीचे डोळे जातायत. म्हणून ती घाई करत होती."

त्यांनी वही मिटली. पेन्सिल कानावर ठेवायला गेले, ती खाली पडली, उचलली नाही. बराच वेळ लिफ्टचं वरखाली होणं ऐकू येत होतं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"तीन महिने झाले."

ते आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. "त्या माणसाने न बघता सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुम्हाला तर माहीत होतं, बाई."

मालकीणबाई नाही. बाई. मी रडले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. दाराशी गेले, उघडलं, आणि या वेळी खाली न बघताच बाहेर पाऊल टाकलं.

मला वाटलं, आता हे तडक गाडीत बसून मुलीकडे जातील. पण रविवारी सकाळी, मी दुकान उघडायच्या आधीच, ते पायरीवर येऊन बसले होते. सातवा भाग त्यांच्या जुन्या मशीनवर चालत नाही, तो माझ्या दुकानातल्या नव्या मशीनवरच चालणार होता. नाहीतर ते माझ्या दारात उभे राहिले नसते. "तिला काही बोलायचं नाही," म्हणाले. "तिला जसं हवंय तसं." फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला आणि मी लावून दिलेला सातवा भाग सुरू केला.

पडद्यावर एक मोठं दार उघडलं. दाराशी हिरवी शाल पांघरलेली एक बाई तलवार टेकून उभी होती. फोनमधून आवाज आला, "आलात? किती वाट बघायला लावलीत!"

"खड्ड्यातून यायला वेळ लागतो," काका म्हणाले. आवाज अगदी रोजचा. त्यांचा माणूस दोन पावलं चालला आणि चरात पडला. बॅटरी इतकी हसली की तिला खोकला लागला. मी आत जाऊन चहाची भांडी घासत बसले. ती आधीच घासलेली होती.

पण ऐकू येतच होतं. काका सारखे काहीतरी सांगत होते. "डावीकडून एक येतोय. तुझ्या खांद्यामागे. अजून तीन पावलं. आता मार." पहिले दोन रविवार तिने नुसतं मारलं. तिसऱ्या रविवारी ती थांबली.

"बाबा, तुम्ही मला सगळं कडेचंच का सांगताय?" थोडं थांबून तिने विचारलं, "ताईंनी सांगितलं ना?"

काका म्हणाले, "समोर बघ. पायऱ्या आहेत."

मग तिचा आवाज आला, "किती?"

"सात. खाली जाणाऱ्या."

ती उतरली. ते मोजत राहिले. मग दोघंही त्याविषयी पुन्हा बोलले नाहीत.

पाचव्या रविवारी बॅटरीची हिरवी शाल एका भिंतीवर जाऊन आपटली आणि तिथेच चालत राहिली. काका सांगत होते, "वळ. अजून वळ. नाही, एवढं नाही." ती वळली की पडदा फिरायचा, आणि ती पुन्हा भिंतीवर. राक्षस आला, काकांनी तो मारला. दुसरा आला, तोही मारला. एकोणसत्तर वर्षांचे हात, पण तिच्यापर्यंत कोणाला पोचू दिलं नाही.

"बाबा, पुरे," ती म्हणाली. "पडदा फिरला की सगळं सांडतं. मी कुठे आहे तेच कळत नाही. तुम्ही खेळा, मी ऐकते."

"मी एकटा नाही खेळणार," काका म्हणाले, आणि त्यांनी मशीन बंद केलं.

पाच रविवार. चौदा महिन्यांपूर्वी मी खरं बोलले असते, तर साठ मिळाले असते. मी हा हिशोब रोज करते, त्यातून काही निघत नाही तरी.

मंगळवारी काका एक मोठी पिशवी घेऊन आले. मुलीकडे राहायला निघाले होते. जुनं मशीन कपड्यांत गुंडाळून पिशवीत ठेवलं होतं, वर ती चौकटीची वही. म्हणाले, "पहिला भाग द्या." त्यांनीच परत केलेला पहिला भाग वरच्या फळीवर जाऊन बसला होता, आणि त्याच्यावर पुन्हा धूळ चढली होती. मी ओढणीने पुसायला गेले. "राहू दे," ते म्हणाले, आणि तसाच पिशवीत टाकला. कशाला हवाय ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला राहिला नव्हता.

पण ते गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या भागातला माणूस एकेक पाऊल टाकतो. पडदा फिरत नाही. राक्षस मारण्याआधी घसा खाकरतो. आणि काकांच्या वहीत प्रत्येक दारापासून प्रत्येक भिंतीपर्यंतची पावलं लिहिलेली होती. लोक म्हणतील, बघा, तुमच्या खोट्यामुळेच ती वही झाली, शेवटी बरंच झालं. माझ्या भावानेही फोनवर हेच सांगितलं. मी त्याला म्हटलं, गप्प बस. चोरी करताना वाटेत कोणाचं कुलूप दुरुस्त झालं म्हणून चोर साव होत नाही.

मला करता येण्यासारखं एकच होतं, ते मी केलं. फळीवरचे दुसरे संच आणि आणखी एक जुनं मशीन काढलं. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि खेळायचं. पहिल्या भागात आठवड्याभराने तिसऱ्या विहिरीपर्यंत पोचले, नुसत्या कानांवर. दुसऱ्यात दलदल आहे, तिथे पंधरा दिवस गेले, पण विहिरीच्या पाण्याचा आवाज येतो आणि त्याच्या रोखाने जाता येतं. तिसऱ्यात मी वीस पावलंही चालू शकले नाही. सहा वेळा करून बघितलं. डोकं धरून बसायची पाळी आली. चौथा, पाचवा, सहावा, तेच. सगळं एका कागदावर लिहून ठेवलं, कोणी विचारणार नाही हे धरून.

पावणेपाच महिन्यांनी एका रविवारी दुकानातला फोन वाजला.

"ताई, मी बॅटरी." मागून काकांचा आवाज येत होता, दूर कोणाशी तरी, बहुतेक दूधवाल्याशी, हुज्जत घालत होते. "आमचा पहिला संपला. शेवटचा दरवाजा मी बंद केला, माझ्या हाताने. बाबा नुसते मोजत होते. दोन वेळा चुकले मोजायला, त्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून."

मी "तुला…" एवढंच म्हटलं.

"आता काही नाही दिसत," ती म्हणाली. "उजेड आहे की अंधार, तेवढं कळतं. बरं, मी विचारायला फोन केला की पहिल्यानंतर कुठला घेऊ? बाबा म्हणतात, सातपर्यंत क्रमाने जाऊ. खालून वर."

हाच तो प्रश्न. उत्तर माझ्यासमोर कागदावर होतं. या वेळीही खोटं जिभेवर आलं, आणि ते पहिल्यापेक्षा गोड होतं. हो ग बाई, जा सातपर्यंत.

"दुसरा घे," मी म्हटलं. "दुसरा जमेल. पण त्याच्यापुढचे नको. तिसऱ्यापासून पडदा फिरतो, आवाजाचा काही भरवसा नाही. बाबांनी कितीही सांगितलं तरी नाही जमणार. दुसरा शेवटचा."

मग तिने तोंड बाजूला करून बापाला सगळं जसंच्या तसं सांगितलेलं मला ऐकू आलं. दूधवाल्याशी चाललेली हुज्जत थांबली.

"ताई," ती पुन्हा फोनवर आली, "बाबा विचारतायत, हे स्वतः बघून सांगताय का?"

"बघून नाही," मी म्हटलं. "डोळे बांधून. रोज सकाळी खेळून. तिसरा सहा वेळा."

तिने तेही सांगितलं. मग लांबून काकांचा आवाज आला, रोजचा, दारात उभं राहून बोलायचे तसा.

"मालकीणबाईंना म्हणावं, दुसरा पाठवा. आणि म्हणावं, सावकाश पाठवा. आता आम्हाला कुठे जायची घाई नाही."